नवरा टिकत नाही, की क्लब टिकत नाहीत?

पत्राचा सारांश, ओळख पुसून:

कोल्हापुरातल्या एका पेठेतून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या ताई अठ्ठावीस वर्षांच्या. कनिष्ठ महाविद्यालयात पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. नवरा एकोणतीस वर्षांचा, व्यावसायिक फुटबॉलपटू, फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारा. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळत वर आला, विसाव्या वर्षी पहिला करार झाला. तेव्हापासून नऊ वर्षांत सात क्लब आणि पाच राज्यं. त्यातल्या दोन क्लबांनी संघच बंद केला. एका ठिकाणी तो लोनवर, म्हणजे मूळ क्लबने ठरावीक काळासाठी दुसऱ्याला दिलेला, होता. एका ठिकाणी तीन महिने पगार थकला. एक क्लब त्याने जास्त पैशांसाठी सोडला. एका ठिकाणी नवा प्रशिक्षक आला आणि याला बाकावर बसवलं. सातव्या क्लबचा करार मेअखेर संपला. आता ईशान्येकडच्या एका क्लबचा निरोप आलाय: एका हंगामाचा करार, पंधरा दिवसांत कळवा. इकडे मामेसासऱ्यांच्या ओळखीने गावातल्याच एका खासगी अकादमीत प्रशिक्षकाची नोकरी ‘मिळू शकते’. मुलगी यंदा पहिलीत गेली आहे. सासूबाई म्हणतात, त्याच्या पायाला भिंगरी आहे, तू समजावलंस तरच थांबेल. ताई विचारतात: “हा कुठेच टिकत नाही. याला एका जागी कसं बसवू? फुटबॉल सोडून त्याला दुसरं काही येतही नाही. माझं काय, मी कुठेही जुळवून घेते.”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. ‘टिकत नाही’ हे शब्द पाच वेळा आलेत. तुमच्या स्वतःबद्दल एकच वाक्य आहे, तेही अगदी शेवटी, “माझं काय” असं सुरू होणारं. त्याच्याकडे येऊ. आधी या टिकण्याचं बघू.

माझे वडील सरकारी खात्यात होते. एकवीस वर्षांत आमची सहा गावं झाली. पत्र्याच्या ट्रंकेवरचं जुन्या गावाचं नाव पुसून नवं रंगवायचं काम माझ्याकडे असायचं. पण वडिलांना कुणी ‘टिकत नाही’ म्हटल्याचं आठवत नाही. त्याला ‘बदली’ म्हणत, आणि निवृत्तीच्या समारंभात त्याच सहा गावांचा ‘दांडगा अनुभव’ झाला. पगार देणारं खातं एकच होतं, म्हणून हे चाललं. तुमच्या नवऱ्याचा पगार देणारा दर वेळी बदलतो. हा फरक लहान नाही, हे मला मान्य आहे. पण त्याचा दोष तुम्ही त्याच्या स्वभावावर टाकताय, आणि तिथे मी जरा अडखळले.

तुमच्या स्वतःच्या ऑर्डरचंच बघा ना. तासिका तत्त्वावरची नेमणूक दर वर्षी नव्याने निघते. पाच वर्षांत पाच वेळा निघाली. मे महिन्यात तासिका नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. तुम्हाला कुणी म्हणतं का, की हिच्या पायाला भिंगरी आहे? कॉलेजची इमारत तीच राहिली म्हणून तुम्ही स्थिर, त्याचं मैदान बदललं म्हणून तो फिरस्ता. कागद समोरासमोर ठेवले तर घरात एकेका वर्षाचे दोन करार आहेत.

आता तुम्हीच दिलेल्या यादीकडे वळू. दोन क्लब बंद पडले. लोनवर तर मूळ क्लबच खेळाडूला पाठवतो. पगार थकल्यावर निघाला त्याला मी पळून जाणं म्हणणार नाही. म्हणजे त्याने स्वतःच्या मर्जीने सोडलेला क्लब एक, फार तर दोन. आणि क्लब बंद पडणं हा काही तुमच्याच घराला लागलेला शाप नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पंजाबातला जेसीटी 2011 मध्ये. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग 2016 मध्ये एकाच वर्षी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, आणि ही काही कालपरवाची नावं नव्हती. पुण्यात आधी डीएसके शिवाजियन्स गेला आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गुंडाळला गेला. 2025 च्या जुलैत तर खुद्द आयएसएलचाच, म्हणजे इंडियन सुपर लीगचाच, पुढचा हंगाम थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं आणि शेकडो खेळाडू घरी बसून फोनकडे बघत राहिले. या सगळ्या संघांत कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा होता. त्यांच्याही घरी कुणीतरी ‘टिकत नाही’ म्हटलंच असेल.

फॉरवर्डचं तर आणखी वेगळं. बचावपटूचं काम सामना संपल्यावर लोकांना नीट सांगताही येत नाही, गोल मात्र पोरंटोरंसुद्धा मोजतात. आठ सामने गोल नाही म्हटलं की प्रशिक्षक नवा फॉरवर्ड शोधायला लागतो, आणि संघ तळाला गेला की सगळ्यात आधी फॉरवर्डच मागवला जातो. त्यात आपल्याकडे ही जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंना दिली जाते, म्हणून भारतीय फॉरवर्डला विंगेवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलतात किंवा सत्तराव्या मिनिटाला उतरवतात. आपल्या शाहू स्टेडियमवरही नायजेरियन फॉरवर्ड बघितलेत की तुम्ही.

सुनील छेत्री आज बेंगळुरूचा म्हणून ओळखला जातो. पण 2013 मध्ये तो तिथे पोचला त्याआधीची वाट बघा: मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, धेंपो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, परत मोहन बागान, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा ब संघ, मग लोनवर चर्चिल ब्रदर्स. अकरा वर्षांत एवढं. यातल्या कॅन्सस सिटीत आणि पोर्तुगालमध्ये त्याचं बस्तान बसलंच नाही. बेंगळुरूचा झाल्यावरही 2015 मध्ये तो लोनवर मुंबई सिटीकडून खेळला आणि आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक तिथेच केली. 2012 मध्ये त्याच्या आईला कुणी विचारलं असतं, तर उत्तर तुमच्या सासूबाईंच्या उत्तराहून फार वेगळं आलं नसतं असं मला वाटतं.

बार्थोलोम्यू ओगबेचे हा नायजेरियाचा फॉरवर्ड. सतराव्या वर्षी 2002 चा विश्वचषक खेळला, पॅरिसमध्ये सुरुवात केली, मग फ्रान्स, आखाती देश, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असा फिरत 2018 मध्ये भारतात आला, तेव्हा चौतिसाव्याच्या उंबरठ्यावर होता. इथेही पाच हंगामांत चार क्लब: नॉर्थईस्ट, केरळ, मुंबई, हैदराबाद. आणि या पाच हंगामांत 63 गोल. मुंबई सिटीने 2021 मध्ये गोव्यात आयएसएलचा अंतिम सामना जिंकला तेव्हा बिपिन सिंगच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलाला शेवटचा पास याचाच होता. पुढच्या हंगामात तो मुंबईत नव्हता. हैदराबादकडून 18 गोल करून तो स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि हैदराबादने किताब घेतला.

उरुग्वेचा सेबास्टियन आब्रेऊ तर या जमातीचा राजाच. टोपणनाव ‘लोको’, म्हणजे वेडा. अकरा देश, तीसहून जास्त क्लब. 2017 च्या अखेरीस चिलीतल्या एका क्लबशी करार केला तेव्हा तो त्याचा सव्विसावा होता आणि गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. त्यानंतरही गडी थांबला नाही, चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. पण त्याला हौशी भटक्या समजू नका. 2010 च्या विश्वचषकात घानाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमधली शेवटची किक त्याच्याकडे आली, आणि साऱ्या देशाचा श्वास अडकलेला असताना याने चेंडू गोलच्या मधोमध हलकेच वरून सोडला. उरुग्वे उपांत्य फेरीत गेला.

निकोला अनेल्काचं उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं. फ्रान्सचा, अतिशय गुणी, आर्सेनल, रेआल माद्रिद, लिव्हरपूल, चेल्सी, युव्हेन्टस असं करत शेवटी आपल्या मुंबई सिटीपर्यंत आला. डझनभर क्लब, सात देश. त्याच्या प्रवासात मात्र रुसवेफुगवे आणि भांडणं बरीच होती. 2010 च्या विश्वचषकातून प्रशिक्षकाशी खटका उडाल्यावर त्याला घरी पाठवलं होतं. तेव्हा फिरणाऱ्याचा दोष कधीच नसतो, असंही मी म्हणणार नाही.

ही सगळी मोठी नावं. ओगबेचे सदतिसाव्या वर्षी गोल करत होता, म्हणून तुमचा नवराही करेल, असा याचा अर्थ नाही. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेलेले आणि नाव कुणाच्या लक्षात न राहिलेले कितीतरी असतात. मला एवढंच दाखवायचं होतं की ‘सात’ या आकड्यातून माणूस कळत नाही. छेत्रीची यादी आणि अनेल्काची यादी लांबून सारखीच दिसते.

म्हणून एक काम करा. शाळकरी दोनशे पानी वही घ्या आणि त्याच्याबरोबर बसा. ‘त्याच्याबरोबर’ हे महत्त्वाचं. तुमच्या पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, मामेसासरे काय म्हणतात ते आहे, तो काय म्हणतो ते कुठेच नाही. प्रत्येक क्लबला एक पान द्या. करार कुणी संपवला, ठरलेले सगळे पैसे आले का, साधारण किती मिनिटं खेळायला मिळाली, आणि घरी परतल्यावर पहिले आठ दिवस तो कसा होता. हे शेवटचं त्याला विचारू नका, तुम्हीच लिहा. पानं भरली की दिसेल, दुर्दैव किती, धंद्याची रीत किती आणि त्याचा हट्ट किती. तीन-चार पानांवर ‘प्रशिक्षकाशी पटलं नाही’ असंच निघालं, तर ते मात्र त्याच्याशी स्पष्ट बोलायला हवं. नव्या गावातही प्रशिक्षक असणारच.

“त्याला दुसरं काही येत नाही” हे वाक्य खोडून टाका, अगदी रागावून सांगते. पाच राज्यांत राहिलेला माणूस आहे तो. मोडकंतोडकं का होईना बंगाली, कोकणी, मल्याळम बोलत असणार, अनोळखी शहरात भाड्याची खोली शोधत असणार, दर जुलैत नव्या वीस जणांत मिसळत असणार. हे सगळं प्रशिक्षकाच्या कामाला लागतं. पण प्रशिक्षक व्हायलाही कागद लागतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, मग एएफसीचं, म्हणजे आशियाई महासंघाचं, सी, बी अशी चढती पायरी आहे. यंदा खेळला तरी आणि थांबला तरी, पुढच्या मोकळ्या महिन्यांत पहिली पायरी चढायलाच हवी.

आता दोन्ही पर्याय. अकादमीतली नोकरी तुमच्या पत्रात ‘मिळू शकते’ एवढीच आहे. पगाराचा आकडा नाही, नेमणूकपत्र नाही, सुट्टीच्या महिन्यांत पैसे मिळणार का ते नाही. ओळखीने मिळालेल्या नोकरीत हे विचारायला संकोच वाटतो, आणि नेमकं तेच नंतर डोक्याला ताप होतं. मामेसासऱ्यांना सांगा की कागदावर काय ते या आठवड्यात द्या. रेल्वेसारख्या ठिकाणचा खेळाडू कोटा डोक्यात असेल, तर त्या जाहिरातींत वयाची अट साधारण पंचविसाची असते, तो रस्ता बहुतेक मागे पडला. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि वयात सवलतही मिळते, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते, आणि कोणत्या गटाच्या पदाला कोणती कामगिरी चालते याचे नियम ठरलेले आहेत. तो राज्याकडून खेळला असेल, तर प्रमाणपत्रं शोधून फाइल करा. याला एकही पैसा लागत नाही, तरी लोक वर्षानुवर्षं टाळतात.

ईशान्येकडचा करार मात्र कागदावर येणार आहे, तेव्हा तो कागद पूर्ण वाचा. पगार कोणत्या तारखेला, हंगाम मध्येच थांबला तर काय, दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्या काळातला पगार कुणाकडे, राहण्याची सोय एकट्याची की कुटुंबाची, एजंटचा हिस्सा किती आणि तो कुणी द्यायचा. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार संपवू शकतो. तुमच्या करारात असं कलम आहे का ते बघा, नसेल तर मागा. मागच्या वेळी तीन महिने थकले तेव्हा त्याने काही लेखी दिलं होतं, की नुसते फोन केले? फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना अशाच कामांसाठी आहे, तिथे विचारायला लाजू नका. जुनी थकबाकी असेल तर तिचंही विचारा.

माझं मत विचाराल, तर कागद नीट असेल आणि दुखापतीचं कलम असेल, तर हा हंगाम त्याला खेळू द्या. पण मे महिन्यापर्यंत वाट बघत बसू नका. जानेवारीच्या सुमारास मधली खिडकी उघडते, म्हणजे खेळाडूला क्लब बदलता येतो. तोवर तो किती खेळला, पगार वेळेवर आला का, हे कळलेलं असेल. त्या आठवड्यात दोघांनी वही उघडायची, असं आत्ताच ठरवा. एक लक्षात असू द्या: एका हंगामात नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, अधिकृत सामने मात्र दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणजे जानेवारीतला निर्णयही पुन्हा पुन्हा फिरवता येत नाही.

पैशांचं थोडक्यात. करार मेअखेर संपतो, नवा सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. तुमचंही उत्पन्न उन्हाळ्यात बंद. घर दोघांच्या बाजूने एकाच वेळी कोरडं पडतं, आणि मला वाटतं सासूबाईंशी होणारी निम्मी भांडणं त्याच दोन महिन्यांतली असतील. हंगामाचे नऊ-दहा पगार मिळत असले, तरी घरखर्चाला बारा भाग करून घ्या आणि उरलेले भाग वेगळ्या खात्यात टाका. करारावर सही करताना मिळणारे साइनिंगचे पैसे आले म्हणून चारचाकीचं डाउन पेमेंट करणारी मंडळी मी बघितली आहेत.

असंच पत्र लिहिणारे बरेच आईबापही असतात, पोरगं सतरा-अठरा वर्षांचं आणि हातात कुणाच्या तरी ट्रायलचं आमंत्रण. त्यांनीही वरचं सगळं वाचावं. ट्रायल लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला घरातून चहा पाजून परत पाठवा.

आता “माझं काय”. तुम्ही लिहिलंय, सहज लिहावं तसं, की गेल्या वेळची शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली नाही कारण त्याच आठवड्यात त्याचं सामान परत आणायला जायचं होतं. मी या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात. तीन बॅगा आणि एक गॅसची शेगडी आणायला घरातलं दुसरं कुणी गेलं नसतं का? कायम नोकरी या घरात यायची असेल, तर ती फुटबॉलच्या बाजूने येण्याची शक्यता कमी, तुमच्या बाजूने जास्त आहे. नवऱ्याला एका जागी बसवायची जबाबदारी सगळ्यांनी तुमच्यावर टाकली, पण तुम्हाला परीक्षेला बसवायची कुणीच घेतली नाही. पुढची चाचणी जाहीर झाली की अर्ज त्याला भरायला लावा. फी त्याच्या पगारातून. परीक्षेच्या आठवड्यात तो खेळत असेल, तर मुलीला कोण बघणार, हे सासूबाईंशी आत्ताच बोलून ठेवा.

त्याच्याबरोबर तिकडे जावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही लांबण लावत नाही. एका हंगामासाठी मुलीची शाळा हलवू नका. दिवाळीच्या सुट्टीत दोघी जाऊन या. तिने बाबाला टीव्हीवर नाही तर मैदानावर धावताना बघावं, मग सामना कितीने का हरेना.

आणि एक राहिलं. सहा क्लब का सुटले ते तुम्ही एकेका ओळीत का होईना लिहिलंय. सातव्याबद्दल फक्त “करार मेअखेर संपला” एवढंच. त्यांनी वाढवला नाही, की त्याने नको म्हटलं? की तुम्ही अजून विचारलंच नाहीये? वही घ्याल तेव्हा त्या पानापासून सुरुवात करा, आणि जमलं तर मला कळवा.